समुद्रराव गावाला जातात

"हात लावायचा नाही," समुद्रराव म्हणाले. "कशालाही."

"मग पाणी कसं घालू? डोळ्यांनी?"

समुद्रराव माशांच्या टाकीच्या खालच्या कपाटासमोर उकिडवे बसून पंपाच्या वायरीवर चिठ्ठी चिकटवत होते. सकाळपासून त्यांनी एकतीस चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. हीटरवर 'हीटर', पंपावर 'पंप', बादलीवर 'बादली'. बादलीवरची चिठ्ठी पाहून त्यांची बायको, ताई, क्षणभर उभीच राहिली. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला बादली ओळखता येणार नाही असं ज्या माणसाला वाटतं, त्याच्याशी बोलायचं तरी काय? ती स्वयंपाकघरात निघून गेली.

समुद्रराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं, आणि त्यांच्या माघारी वापरायचं. हा गृहस्थ पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक होता. सहायक म्हणजे नळ्या धुणारा, बाटल्यांवर तारखा टाकणारा आणि साहेबांनी तपासलेले आकडे वहीत उतरवणारा. पण निवृत्त झाल्यावर माणसाचा हुद्दा आपोआप वाढतो. आता ते 'आम्ही पाण्यातली माणसं' असं म्हणत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की हे निदान पाणबुडीवर तरी असणार. अकरा वर्षांपूर्वी, अजून नोकरीत असतानाच, त्यांनी बैठकीच्या खोलीत पाच फुटांची काचेची टाकी आणली, तीत खारं पाणी भरलं, जिवंत प्रवाळ लावले, मासे सोडले आणि घरात समुद्र आणला. तेव्हापासून घरात दुसऱ्या कशाला जागा उरली नाही. सोफा गेला, शिवणयंत्र माळ्यावर गेलं, आणि पाहुण्यांनी यायचं बंद केलं, कारण आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी समुद्रराव त्याला पाण्याबद्दल सांगायला बसत.

ताई हेही नाव बाजारातलं. रिळं, बटणं, अस्तर, चेन असल्या शिवणाच्या सामानाच्या दुकानात ती सत्तावीस वर्षं गल्ल्यामागे उभी होती. शिंपी कापडाचा बोटभर तुकडा घेऊन यायचा, ती तो नुसता बघायची, मागच्या भिंतीतल्या चारशे खणांपैकी एका खणात हात घालायची आणि रीळ काढून तुकड्यावर ठेवायची. धागा कापडात दिसेनासा व्हायचा. तीन बाजार ओलांडून शिंपी तिच्याकडे यायचे. मालक म्हणायचा, "ताईंनी दिलं ना? मग उन्हात नेऊन बघायची गरज नाही." घरी मात्र तिची ओळख 'रिळं विकते' एवढीच होती. तीही सांगायची वेळ आली की समुद्रराव आवाज जरा खाली आणत.

आणि आता हे समुद्रराव दहा दिवसांसाठी परगावी निघाले होते. खाऱ्या पाण्याच्या टाक्या बाळगणाऱ्या लोकांचं संमेलन होतं. असे लोक जगात आहेत आणि ते एका ठिकाणी जमतात, हीच ताईला कमाल वाटत होती. त्यात समुद्ररावांना भाषणाला बोलावलं होतं. भाषणाचा विषय त्यांनी स्वतःच ठरवला होता: 'घर बंद, समुद्र चालू: प्रवासात टाकी कशी सांभाळावी'. आमंत्रणपत्रिका त्यांनी फ्रिजवर लावली होती.

"घर बंद म्हणजे?" ताईने वाचून विचारलं होतं. "आणि मी कोण? कुलूप?"

"तो मथळा आहे," समुद्रराव म्हणाले होते. "मथळा तुला कळायचा नाही."

पत्रिकेपेक्षाही तिला एक जुनी गोष्ट सलत होती. चार वर्षांपूर्वी तिची मोठी बहीण अंथरुणाला खिळली. जाऊन आठ दिवस राहू, असं ताई म्हणाली. समुद्रराव म्हणाले, "आणि टाकी?" तेव्हा नुकतेच नवे प्रवाळ लावले होते, आणि आपण नोकरीवर असताना, दुपारी ताईचं दुकान बंद असतं तेव्हा तरी तिने घरी असायलाच हवं, असा त्यांचा हुकूम होता. ताई दोन दिवसांत परत आली. बहीण सहाव्या दिवशी गेली. अकरा वर्षांत घर न सोडलेला माणूस आज भाषण करायला मिळतंय म्हणून नवे बूट घालून निघाला होता, आणि टाकी कोण बघणार हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. ताई नवऱ्याला पाण्यात पाहू लागली होती, ती तेव्हापासून.

निघायच्या आधी समुद्ररावांनी तिच्या हातात चौदा पानांची सूचनावही ठेवली आणि औषधाच्या गोळ्यांच्या दोन डब्या ठेवल्या. सोमवार, मंगळवार असे कप्पे असलेल्या. त्यांत त्यांनी माशांचं रोजचं खाणं मोजून भरलं होतं.

"एका दिवसाला एक कप्पा. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. पाणी उडून कमी झालं की रेघेपर्यंत गोडं पाणी घालायचं. खारं नाही. मीठ उडत नाही, पाणी उडतं. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं ते सांग."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग दुकानात फुकट घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाईकाला सांगावं तसं सावकाश सांगितलं, "मीठ उडत नाही. अक्कल उडते."

"थट्टा सुचतेय," समुद्रराव म्हणाले. "रविवारी अकरा वाजता मी व्यासपीठावरून फोन करीन, चित्रासकट. नळी, थेंबांच्या बाटल्या, रंगपट्टी सगळं तयार ठेव. लोकांसमोर पाण्याची तपासणी करून दाखवायची आहे. तू फक्त थेंब टाकायचे आणि नळी धरायची. बोलायचं नाही."

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाल्यावर ताईने दार लावलं, डब्या उघडल्या आणि प्रत्येक कप्प्यातलं निम्मं खाणं कागदाच्या पुडीत काढून ठेवलं.

त्यांचं केलेलं त्यांच्या मागे निस्तरणं, हे ती आज पहिल्यांदा करत नव्हती. दोन वर्षं झाली या गोष्टीला. दर रविवारी समुद्रराव खिडकीशी उभे राहून टाकीचं पाणी काचेच्या नळीत घेत, त्यात थेंब टाकत, पाणी गुलाबी होई आणि तो गुलाबी ते पट्टीवरच्या रंगांशी ताडून बघत. जितका रंग गडद तितकी पाण्यात घाण जास्त. मग ते पुकारत, "पाच! लिही." ताई वहीत पाच लिहीत असे. एका रविवारी तिने लिहिता लिहिता मान वर केली आणि तिचं पेन थांबलं. नळीतला रंग पाचचा नव्हता. पाच म्हणजे दुधात चुकून थेंब पडावा तेवढा गुलाबी. नळीत चक्क डाळिंबी उतरला होता.

"अहो, हा पन्नासचा आहे."

"तू रिळं वीक."

"उजेडात धरा ना जरा. डोळे दाखवून या एकदा."

"डोळे? माझे?" समुद्रराव असे हसले की जणू कोणी त्यांच्या वडिलांबद्दल काही बोललं. "चौतीस वर्षं याच डोळ्यांनी शहराला पाणी पाजलं."

शहराचं नशीब थोर, असं मनात म्हणून ताईने पाच लिहिलं. पण तिचं सगळं लक्ष त्या आकड्यावर अडकलं. अक्षर तिचं होतं. सत्तावीस वर्षांत तिने चुकीच्या छटेचं एक रीळ कोणाला दिलं नव्हतं, आणि इथे तिच्या अक्षरात चक्क डाळिंबीला फिकट गुलाबी लिहिलं जात होतं. पुढच्या महिन्यात प्रवाळांच्या कडा पांढऱ्या पडायला लागल्या. समुद्ररावांना तेही दिसलं नाही. त्यांना दिसलं ते एवढंच की दिवा मंद झालाय. त्यांनी दिवा बनवणाऱ्यांचा उद्धार केला आणि टाकीचा निळा उजेड वाढवत नेला. खाणंही ते मुठीने टाकायला लागले. "यांच्या तोंडासमोर पडलेलं यांना दिसत नाही," असं माशांबद्दल म्हणत.

समुद्रराव संध्याकाळी पाच ते सहा फिरायला जात. त्या एका तासात ताईने टाकी शिकून घेतली. त्यांचीच पुस्तकं होती, त्यांनी ती मिरवण्यापुरती घेतली होती, तिने वाचली. ती उरलेलं खाणं जाळीने काढायची, आठवड्यातून एकदा दोन बादल्या जुनं पाणी उपसायची आणि मीठ विरघळवून मोजून ठेवलेलं दोन बादल्या नवं पाणी घालायची. दिव्याच्या बटणाची तर तिने वेगळीच तऱ्हा केली. बटणावरची टोपी काढून ती फिरवून बसवली. समुद्रराव बटण नव्वदवर आणून खूश होत, दिवा पन्नासवरच जळे. दीड महिन्यात प्रवाळांच्या कडांना रंग आला. समुद्रराव शेजाऱ्यांना म्हणाले, "हात लागतो. प्रत्येकाचा नसतो."

हे सगळं ती टाकीच्या प्रेमापोटी करत होती असं कोणी समजू नये. मासे तिला आवडत नसत. जे तोंड उघडतं आणि मिटतं पण बोलत काही नाही, असलं एक प्रकरण घरात पुरेसं होतं. तिला हवं होतं ते वेगळंच, आणि त्यासाठी तिला स्वतःचाच राग यायचा. या माणसाने एकदा, आयुष्यात फक्त एकदा, नळी हातात धरून मान वळवावी आणि विचारावं, तुला काय वाटतं? बस. एवढ्यासाठी ती दोन वर्षं बादल्या उचलत होती. आणि समुद्रराव रोज सकाळी दोन तास टाकीसमोर स्टुलावर बसून माशांकडे बघत. बायकोकडे त्यांनी असं दोन मिनिटं बघितल्याला तीस वर्षं झाली असतील.

पहिले तीन दिवस समुद्ररावांचे फोन आले. दिवसाला सहा. पान सात वाचलंस का, पान नऊ वाचलंस का. ताई सूचनावही गॅसशेजारी ठेवून तिच्यावर गरम भांडं टेकवत होती आणि फोनवर "वाचलं" म्हणत होती. त्यांनी निघायच्या दिवशी सकाळी 'दहा दिवस उपास घडू नये' म्हणून टाकीत ओंजळभर खाणं ओतलं होतं. ते कुजून पाण्याचा रंग थेट पन्नासला गेला होता. बुधवारी चार बादल्या, गुरुवारी चार, शुक्रवारी दोन. शनिवारी पाठ धरली म्हणून ताई दुकानात स्टूल मागून बसून राहिली. मालकाने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "समुद्र उपसला."

रविवारी अकराला फोन वाजला. ताईने तो बरणीला टेकवून उभा केला. छोट्या पडद्यावर व्यासपीठ दिसलं, त्यावर समुद्रराव, छातीवर बिल्ला. पुढच्या चार-पाच रांगांतली डोकी दिसत होती.

"तर मंडळी," समुद्रराव म्हणत होते, "टाकी दहा दिवस सोडून जायची तर भरवसा माणसावर ठेवायचा नाही. पद्धतीवर ठेवायचा. पद्धत पक्की असली की अडाण्याच्या हातातसुद्धा टाकी जगते. आता माझ्या घरी या घटकेला जी व्यक्ती टाकी सांभाळते आहे, तिला मासा आणि बटाटा यांतला फरक कळत नाही."

डोकी हसली. मोठ्ठं हसली. ताई इकडे खिडकीशी उभी होती. हातात टाकीच्या पाण्याने भरलेली नळी होती आणि शेजारच्या बादलीवर 'बादली' लिहिलेलं होतं.

"हं, टाक थेंब," समुद्रराव म्हणाले. "आठ. मोजता येतात ना?"

पुन्हा हसू. ताईने आठ थेंब टाकले, बूच लावून नळी हलवली आणि पट्टीवर धरली. पाणी हळूहळू रंगलं. दहा बादल्यांनी डाळिंबी उतरला होता, पण अजून चांगलाच गुलाबी होता. पट्टीवरचं पंचवीस. आंधळ्यालाही कळावं इतकं पंचवीस.

"पाच!" समुद्रराव गरजले. "बघा. चौथा दिवस, आणि पाच. अकरा वर्षांत माझी टाकी पाचच्या वर गेलेली नाही. वही आहे माझ्याकडे."

सभागृहात कुजबुज झाली. पुढच्या रांगेतला एक जण अदबीने म्हणाला, "सर, जरा गडद वाटतोय. वीस-पंचवीस असेल का?"

"फोनचा कॅमेरा आहे हो तो. आणि हिचं ते धरणं. अगं, नीट धर! सरळ!" समुद्रराव लोकांकडे वळले आणि वैतागल्यासारखं हसले. "हिला रंगांचं काही कळत नाही. काय करणार?"

ताईने आजवर पुष्कळ ऐकून घेतलं होतं. बटाटा ऐकला, अडाणी ऐकलं. पण हे एक वाक्य तिच्या घशाखाली उतरेना. ती मिठाची गुळणी धरून दोन वर्षं उभी होती, ती तिने आता थुंकून टाकली.

"पंचवीस," ती म्हणाली.

"तुला बोलायला सांगितलं नाही."

"पंचवीस आहे. तुम्ही गेल्यावर पन्नासला चढलं होतं, कारण जाताना ओंजळभर खाणं ओतून गेलात. दहा बादल्या पाणी बदललंय मी चार दिवसांत. वहीत पाच लिहिलंय ते माझ्या अक्षरात लिहिलंय आणि दोन वर्षं खोटं लिहिलंय. आणि दिवा तुम्हाला वाटतो नव्वदवर आहे, तो पन्नासवर आहे. टोपी फिरवून बसवलीय मी. नाहीतर तुमचे प्रवाळ केव्हाच पांढरे होऊन मेले असते. आता विचारा मासा कुठला आणि बटाटा कुठला."

मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्याला दुसरं चिकटलं, आणि बघता बघता मघाचीच डोकी पुन्हा हलायला लागली. मघा तिला हसली होती, आता त्यांना हसत होती. यांना फक्त हसायला कोणीतरी हवं होतं. ताईला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं, पंख्याखाली येऊन बसावं तसं. समुद्रराव हसणाऱ्याला शोधत होते. हसणारा डावीकडे होता आणि ते उजवीकडे बघत होते. मग चित्र तुटलं.

त्यानंतर फोन आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी संमेलनाच्या चिटणिसाचा आला.

"बाई, नमस्कार. सर ठीक आहेत. जेवत कमी आहेत जरा. बाकी ठीक."

"खोलीतून बाहेर पडतात का?"

"पडतात की. परत येताना जरा खोल्या चुकतात, एवढंच." चिटणीस घसा साफ करून म्हणाले, "मी फोन केला तो दुसऱ्या कामासाठी. ते बटणाच्या टोपीचं सगळ्यांना फार आवडलं. लोक विचारतायत, तुम्ही किती दिवसांनी किती पाणी बदलता? पुढच्या वर्षी तुम्हीच याल का बोलायला? विषय तुमच्या आवडीचा."

"आठवड्याला टाकीच्या दहाव्या हिश्शाएवढं," ताई म्हणाली. "आणि घरात बायको असेल तर 'घर बंद' म्हणू नका. ठेवते."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. कौतुक झालं होतं, भर सभेत झालं होतं. पण ते अशा लोकांनी केलं होतं ज्यांना ती कवडीचीही किंमत देत नव्हती. ज्याने करायला हवं होतं तो कुठल्यातरी खोलीत जेवण टाकून बसला होता. बसू दे, असं तिने दोनदा मोठ्याने म्हटलं. टाकी मात्र तिने चोख ठेवली. पाण्यातल्या घाणीचा फेस गोळा होणारा पेला एक दिवसाआड धुतला, रेघेपर्यंत गोडं पाणी घातलं, दुकानातून आल्यावर काचेवरचं शेवाळ खरवडलं. माणूस आला की त्याला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये.

समुद्रराव शनिवारी सकाळी आले. "आलो," असं भिंतीला सांगितलं, आंघोळ केली, जेवले. टाकीकडे वळले नाहीत. ताईनेही ठरवलं होतं, आपण होऊन एक शब्द बोलायचा नाही. दिवसभर घरात फक्त पंप बोलत होते.

रविवारी दहा वाजता ते उठले, नळी घेतली आणि खिडकीशी गेले. ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिथून त्यांची पाठ दिसत होती. थेंब टाकले, हलवलं, पट्टीवर धरलं. ती आकड्याची वाट बघत राहिली. आता पाच म्हणाले तर वही तोंडावर फेकायची, हे तिने नक्की केलं होतं. आकडा आला नाही. समुद्ररावांनी नळी उजेडात धरली, डोळ्यांपाशी नेली, लांब नेली, पुन्हा पट्टीवर ठेवली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ताईची भाजी चिरून संपली. ती उगाच देठं बारीक करत बसली.

मग ते स्टुलावर जाऊन बसले, नळी तशीच हातात धरून.

"अगं," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "जरा येतेस का?"

ताई लगेच उठली नाही. सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. हात पुसले. थांबू दे जरा, आम्ही दोन वर्षं थांबलो. मग गेली. समुद्ररावांनी नळी तिच्यापुढे केली.

"किती वाटतो तुला?"

तिने नळीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. "दहाच्या आत. आठ म्हणा."

"आठ," समुद्रराव म्हणाले आणि मान हलवली. वाद नाही, कॅमेरा नाही, चौतीस वर्षं नाहीत. ज्याच्यासाठी तिने एवढ्या बादल्या उचलल्या ते हे होतं, आणि ते अर्ध्या मिनिटात उरकलं. आता काहीतरी सणसणीत बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं.

"तो छोटा निळा," समुद्रराव मध्येच म्हणाले, "आहे का गं अजून? की गेला?"

ताईने टाकीकडे बघितलं. निळा मासा काचेला लागून होता, समुद्ररावांच्या नाकापासून वीतभर अंतरावर. त्यांच्या अंगठ्याकडे बघत शेपटी हलवत होता. हा माणूस त्याच्या अंगावरून नजर फिरवत मागच्या दगडांत त्याला शोधत होता. डोळ्यांच्या बाहुल्यांवर साय धरल्यासारखं काहीतरी होतं. इतक्या जवळून तिने ते कधी पाहिलंच नव्हतं.

"तुम्हाला दिसत नाही?"

"दिव्याचा दोष आहे असं वाटायचं," ते म्हणाले. "आधी निळा गेला. मग जांभळे प्रवाळ. मागच्या थंडीपासून सगळं सारखंच, काळपट. पिवळा तेवढा दिसतो, तो हलला तर."

"मग रोज दोन-दोन तास इथे बसून काय बघत होता?"

समुद्ररावांनी नळीचं बूच उगाच पुन्हा घट्ट केलं.

"बसलो नसतो तर तू विचारलं असतंस," ते म्हणाले.

ताईला संताप आला. या माशांवर ती दोन वर्षं जळली होती, सवतीवर जळावं तशी, आणि हा बाबा त्यांना बघतच नव्हता. बायकोला कळू नये म्हणून काळोखासमोर दोन तास बसत होता, रोज, वेळेवर, इस्त्रीचा शर्ट घालून. काय माणूस आहे हा! तिला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

"उद्या डॉक्टर," ती म्हणाली. "मी दुकानात सांगून ठेवते."

समुद्रराव नाही म्हणाले नाहीत.

"निळ्याचं सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"आहे. तुमच्या नाकासमोर आहे. तुमच्यासारखाच झालाय, आपल्या कोपऱ्यात दुसऱ्या कोणाला फिरकू देत नाही."

"आणि बाकीचे?"

ताईने कमरेला खोचलेला पदर सोडला. अकरा वर्षांत ती या टाकीसमोर एकदाही बसली नव्हती. आता ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि डाव्या कोपऱ्यापासून एकेक रंग सांगायला लागली.